दोन दारांचा तंबू

आमच्या हॉलमध्ये परवापासून एक तंबू उभा आहे. सोफा भिंतीला सरकवून, पंख्याच्या बरोबर खाली. माझा मुलगा, सून आणि नात येत्या शनिवारी ताडोब्याच्या अंगाला मुक्कामाला जाणार आहेत, आणि त्यासाठी कोणता तंबू ठेवायचा, कोणता परत पाठवायचा, यावर घरात रोज संध्याकाळी पंचायत बसते. आधी निळा आला होता. त्यात मुलाचे पाय बाहेर राहत होते. हा नारिंगी आहे. सून मोबाइलवर लोकांची मतं मोठ्यानं वाचते, "आई, चौघांचा म्हणतात, पण तिघंच मावतात म्हणे," आणि मुलगा, पन्नाशीला टेकलेला माणूस, रांगत आत जातो, आतून ओरडतो, "हवा लागत नाही बुवा!" आणि रांगतच बाहेर येतो. काल नातीनं मला विचारलं, "आजी, तू सांग ना, कोणता घेऊ?" मला काय विचारता, तुमचं तुम्ही बघा, असं फटकन बोलून मी बाल्कनीत येऊन बसले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

बाल्कनीतून मागचा रिकामा प्लॉट दिसतो. तिथं एक मोहाचं झाड आहे. चंद्रपूर एवढं पसरलं, चारी बाजूंनी कॉलन्या आल्या, तरी हे झाड कसं वाचलं कोण जाणे. सध्या ते झडतंय. पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत टपटप फुलं पडतात, खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांना चिकटतात, आणि गाड्यांचे मालक सकाळी हातात फडकं घेऊन झाडाला शिव्या घालतात. वास थेट वरपर्यंत येतो. गोड, जड, किंचित आंबूस. शेजारीण म्हणते, या वासानं डोकं उठतं हो. माझं काही उठत नाही. मला फक्त भीती वाटते, आणि या वयात ती सांगायची तरी कोणाला?

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. गडचिरोली, एटापल्ली, सगळं चांद्यातच, आणि चांदा मध्यप्रदेशात. बाबा जंगलखात्यात होते. आम्ही राहायचो वरोऱ्याला, स्टेशनच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि बाबा दिवाळी झाली की जे जंगलात जात ते मृग लागल्यावर परत येत. हिवाळ्यात तोडीच्या झाडांवर खुणा करायच्या, मग तोड, मग ओंडक्यांच्या बैलबंड्या, आणि ऊन तापलं की वणव्यापासून राखण. घरी आले की त्यांच्या कपड्यांना धुराचा वास यायचा आणि ते आमच्याशी अदबीनं बोलायचे. मला विचारायचे, "काय म्हनता बाई, अभ्यास बरा हाये ना?" स्वतःच्या पोरीला 'म्हनता'!

धाकटा बंडू त्या वर्षी दोन-अडीच वर्षांचा होता. बाबांनी त्याला उचललं की तो असा टाहो फोडायचा की शेजारणी भिंतीवरून डोकावून बघायच्या. मग बाबा घाईघाईनं त्याला आईच्या हाती द्यायचे आणि अंगणात जाऊन उगीचच जोडे झटकत बसायचे. आई ते सगळं बघायची. बोलायची नाही. माझी आई झाडीपट्टीतल्या खेड्यातली, ब्रह्मपुरीच्या पलीकडची. तिचं बोलणं थोडं आणि खरखरीत, पण एकदा बोलली की बोलली.

त्या दिवाळीत बाबा सामान बांधत होते, तेव्हा ती बोलली.

"पोरीची परीक्षा झाली का आमी येतो."

"कुठी?"

"तुमच्या जंगलात. तंबूत राह्यतो तुमच्यासंगं."

"बयताड झाली काय? तिथी कोन रायते? मी, दोन गार्ड आन् वांदरं."

"मंग आमी बी वांदरं. पोट्टा बापाले पाहून रडून राह्यला, हे तुमाले बरं वाटते काय?"

 बाबा वळकटीची दोरी आवळत राहिले. मग म्हणाले, "एक मोसम. कोनाले काई झालं, काई बी, तर वापस. आन् मंग पुन्हा नाव काढायचं नाई."

"कबूल," आई म्हणाली. तिनं एवढ्या पटकन कबूल केलं की मला धडकी भरली. मला सगळं कळत होतं. लहान मुलांना कळत नाही असं मोठ्यांना वाटतं, पण मला पक्कं कळलं होतं की हा मोसम नीट पार पडला तर आपण सगळे एका घरात राहणार, आणि नाही पडला तर बाबा जन्मभर पावसाळ्यातले पाहुणे. त्या उन्हाळ्यापर्यंत मी देवाला दुसरं काही मागितलं नाही. परीक्षेत पास कर असंसुद्धा नाही.

चैत्र लागायच्या सुमाराला बाबा आम्हाला न्यायला आले, आणि आता बिऱ्हाडाचा तंबू निवडायचा होता. स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत तीन तंबू उभे केले. अर्धा मोहल्ला बघायला जमला. एक बाबांची रोजची सरकारी छोलदारी, दोन काठ्यांवर आडवा बांबू आणि दोन्ही अंगांनी उतरलेलं कापड. एकट्या माणसानं झोपावं आणि पावसानं झोडपावं, एवढंच तिचं काम. दुसरा लष्करी, लढाईनंतर लिलावात निघालेल्या मालातला, बाबांनी कामठीहून कोणाकडून तरी मिळवला होता. हिरवा, बुटका, मजबूत. तिसरा एका लाकडाच्या ठेकेदाराचा जुना. त्यानं धंदा आवरला होता. हा तंबू म्हणजे घरच होतं म्हणा ना. बाहेरून जाड पांढरं कापड, आता पिवळं पडलेलं. आतून लाल छिटाचं अस्तर, दोन्हींच्या मध्ये वीतभर पोकळी, मध्ये पडदा सोडला की दोन खोल्या, आणि समोरासमोर दोन दारं.

बाबांची पारख निराळी. त्यांनी दोर ओढून पाहिले, खुंट्या हाताळल्या, वजनाचा अंदाज घेतला. "लष्करी घ्या," ते म्हणाले. "एका बंडीत मावते, वाऱ्याले भीत नाई."

आईनं पदर खोचला आणि ती आत शिरली. तिची तंबू पारखायची रीत मी जन्मात विसरणार नाही. लष्करी तंबूत ती उभी राहिली आणि नेसत्या लुगड्यावर दुसरं लुगडं नेसायला लागली! हात वर केला तर कापडाला लागला. "इथी बाईमानसानं लुगडं कसं नेसावं?" मग ती दाराबाहेर चूल मांडल्यासारखी उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "तू आत जाऊन बंडूसारखी झोप. दिसते काय ते पाहू दे." मी झोपले. "नाई दिसत." मग ती आत येऊन माझ्याशेजारी आडवी झाली, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत घामानं डवरून उठली. "हा तंबू नाई, भट्टी हाये. लेकराले घामोळ्या येतीन." बघणारी माणसं खिदळत होती. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ठेकेदाराच्या तंबूत ती एका दारातून आत गेली, दुसऱ्यानं बाहेर आली, पुन्हा आत गेली. "दोन दारं हायेत. एकाकडून काई आलं तर दुसऱ्यानं लेकरू घेऊन निंघता येते." उभी राहिली, लुगडं नेसलं, बसली, झोपली. आणि शेवटी उठून तिनं त्या छिटाच्या अस्तराला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. तिचा चेहरा असा निवळला की मी बघतच राहिले. माहेरी पोचल्यावर उंबऱ्यात तिचा चेहरा व्हायचा तसा.

"याले घरासारखा वास हाये," ती म्हणाली.

बाबांनीही वास घेऊन पाहिला. "जुनं कापड हाये, दुसरं काय." मीही नाक लावलं. मला तर काही वेगळं जाणवलंच नाही.

"दोन बंड्या लागतीन याले," बाबा कुरकुरले.

"लागू द्या," आई म्हणाली, आणि तंबू ठरला.

बल्लारशापर्यंत आगगाडी, तिथून आलापल्लीला मोटार, पुढं एटापल्लीच्या वाटेनं बंड्या. पळस झडून गेला होता आणि रस्ताभर वाळक्या पानांचा खच. चाकाखाली ती पानं चिरडायची, तो आवाज मला आवडायचा, बाबांना नाही. ते म्हणायचे, हे सगळं जळतन आहे, एक विडी पुरे. त्यांनी तळाची जागा स्वतः निवडली. नाल्याच्या काठी, जांभळाच्या सावलीला, गावापासून हाकेच्या अंतरावर. आधी चारी दिशांना फिरून त्यांनी मोहाची झाडं किती लांब आहेत ते पाहून घेतलं. "मोहाखाली तळ ठोकायचा नाई," त्यांनी मला समजावलं, "मोह झडते तवा अस्वल येते. अस्वल वाघावानी नाई. वाघ टाळते. अस्वल समोर आलं का घाबरते, आन् घाबरलं का फाडते." मी मान डोलावली. आम्ही मोहापासून लांब होतो. बाबांनी सगळी काळजी घेतली होती, हे मला आजही मान्य करावंच लागतं.

आणि मग सुखाचे दिवस आले. मी त्यांना सुखाचेच म्हणते. बाबा उजाडायच्या आधी निघून जायचे, कारण मोह वेचणारी माणसं झाडाखालची पानं जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेली फुलं दिसतात, आणि तो जाळ हाताबाहेर गेला की वणवा. बाबा झाडाझाडाखाली जाऊन उभे राहायचे, जाळू नका, झाडून घ्या म्हणायचे, प्रसंगी स्वतः खराटा हातात घ्यायचे. ऊन तापलं की परत. दुपारी आम्ही चौघं त्या लाल छिटाखाली पडायचो. उन्हात ते छिट असं उजळायचं की सगळ्यांची तोंडं लालसर दिसायची. बंडू पहिले दोन-तीन दिवस बाबांपासून लांब, आईच्या पाठीशी. मग एकदा बाबांनी त्याच्याकडे न बघता नुसती तेंदूची पिकलेली टेंभरं फोडून एकेक बी बाजूला मांडायला सुरुवात केली. बंडू जवळ सरकला. आणखी सरकला. संध्याकाळी तो बाबांच्या खांद्यावर होता आणि त्यांचे केस मुठीत धरून त्यांना बैलासारखा हाकत होता. "बा" म्हणाला. आई चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिची फुंकणी थांबली.

गावातली सोमीबाई रोज मोह वेचून परतताना आमच्याकडे टेकायची. गोंडाची बाई, आईच्याच वयाची. दोघी एकमेकींना आपापलं बोलणं अर्धं अर्धं समजावत बसायच्या. सोमीबाई टोपली बाहेर ठेवून तंबूच्या कापडाला पाठ टेकून बसायची आणि म्हणायची, "तुह्या तंबूपाशी बरं वाटते, बाई." आई फुलून जायची. "मीच निवडला," म्हणायची.

ऊन मी म्हणत होतं. दिवस कलला की आई नाल्यावरून घागरी आणून तंबूवर पाणी मारायची, म्हणजे आत गार व्हायचं. ओल्या कापडाचा वास सुटायचा. आई डोळे मिटून म्हणायची, "अहाहा."

मग एकेक गोष्ट व्हायला लागली. आधी मुंग्या. तंबूच्या शिवणीवरून मुंग्यांची रांग वर चढायची, आईनं राख टाकली, त्या राखेला वळसा घालून चढल्या. मग माश्या, मधमाश्या. मग गावातली एक कपिला गाय येऊन तंबूची कड चाटत उभी राहिली. हाकलली, पुन्हा आली. आई हसली, "लक्ष्मी हाये, चाटू दे." तिसऱ्या दिवशी त्या लक्ष्मीनं हातभर कापड चावून फाडलं. बाबा म्हणाले, घामाचं मीठ चाटत असेल. सोमीबाईलाही तेच वाटलं. एका सकाळी तंबूमागच्या मऊ मातीत चितळाच्या खुरांचे ठसे होते, अगदी कापडाला लागून. बाबा वाकून ते पाहत राहिले. त्या दिवशी जेवताना त्यांची नजर सारखी तंबूच्या मागच्या कडेला जात होती. आई त्यांच्याकडे आणि मी आईकडे बघत होते.  काही झालं तर वापस, काई बी झालं तर. चितळ आलं हे 'काई बी'मध्ये बसतं काय? मी मनात देवाशी भांडत होते, चितळ धरू नकोस रे, चितळ गरीब असतं.

"पान्यासाठी आले असतीन," आई शेवटी म्हणाली.

"नाला तिकडं हाये," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका गार्डाला तळावर ठेवायला सुरुवात केली. पण त्या आठवड्यात तीन ठिकाणी जाळ लागला आणि गार्डालाही जावं लागलं.

त्या सकाळी नुकतं फटफटलं होतं. आई चुलीत काटक्या सारत होती, मी तिच्याशेजारी राखेनं दात घासत होते, बंडू आत झोपलेला. चूल दारासमोर, बंडू दिसेल अशी. तंबूच्या एका अंगाला, कापडाला लागून, कोणीतरी घोरतंय असं वाटलं. मग घोरणं नाही, ओढणं. लोहाराचा भाता ओढावा तसा सू-सू आवाज, मध्येच फुर्रकन बाहेर टाकलेला श्वास. आईच्या हातातली काटकी तशीच राहिली. आणि टर्रर्र कापड फाटलं.

दारातून मला दिसलं. लाल छिट एका बाजूनं खाली लोंबत होतं आणि त्यातून काळं, झिपरं डोकं आणि एक खांदा आत आला होता. अस्वल. बंडूच्या वाकळीपासून तीन-चार हातांवर. त्याचं बंडूकडे लक्षच नव्हतं. ते दोन कापडांच्या मधल्या पोकळीत मुस्कट घालून काहीतरी चोखत होतं, चवीनं, डोळे मिटून.

मी ओरडणार होते. आईनं माझ्या तोंडावर राखेचा हात दाबला. मग तो हात काढला, बोटानं मला जागेवरच राहा म्हणून खुणावलं आणि ती आत गेली. पळाली नाही हो! चालत गेली. सणाला पाटावरून नैवेद्याचं ताट उचलायला जावं तशी, एकेक पाऊल टाकत, पायातल्या जोडव्यांचा आवाज होऊ नये म्हणून टाचांवर. तिनं वाकून बंडूला वाकळीसकट उचललं. अस्वलानं मान वळवली. आई तशीच वाकलेली थांबली. ते तिच्याकडे बघत होतं आणि त्याच्या ओठांना काहीतरी तपकिरी चिकटलं होतं.  मला त्या वेळी देव आठवला नाही, बाबा आठवले नाहीत. मी फक्त आईची पाठ बघत होते. मग त्यानं पुन्हा डोकं कापडात घातलं. आई आली त्या दाराकडे वळली नाही, कारण त्यासाठी पुन्हा त्याच्या तोंडासमोरून जावं लागलं असतं. ती पलीकडच्या दारानं बाहेर पडली.

ती वळसा घालून माझ्यापाशी आली, मला दंडाला धरलं, आणि आम्ही नाल्यापर्यंत मागं मागं सरकत गेलो. बंडू जागा होऊन किरकिरायला लागला तसा तिनं त्याला पदराखाली घेतलं. तिकडे अस्वलानं आता पूर्ण आत शिरून तंबूची मधली काठी पाडली. सगळा तंबू खाली बसला आणि कापडाचा तो ढीग हलत राहिला. तेवढ्यात सोमीबाई आणि गावातले लोक टोपल्या घेऊन मोह वेचायला निघाले होते. त्यांनी आरोळ्या ठोकल्या, टोपल्या बडवल्या. अस्वल कापडातून बाहेर आलं, आमच्याकडे न बघता, डुलत डुलत झाडीत गेलं.

बाबा पळतच आले. वरच्या टेकाडावरून त्यांना तंबू खाली पडलेला दिसला होता. त्यांनी आधी बंडूचे हात-पाय चाचपले, मग माझे, मग आईचे. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. सगळ्यांसमोर! असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मग ते त्या कापडाच्या ढिगापाशी गेले आणि फाटलं अस्तर धरून झटकलं. भुरभुर फुलं पडली. वाळलेली, तपकिरी, काही ओली होऊन फुगलेली. आणखी झटकलं, आणखी पडली. शिवणीशिवणीत, घड्यांत, सगळीकडे मोह.

ठेकेदारानं लाकडासोबत मोहाचाही धंदा केला होता, आणि मागल्या उन्हाळ्यात या तंबूत मोह साठवला होता. दुसरं काय! सोमीबाईनं एक फूल उचलून हुंगलं, तिला हसू आलं, आणि आईकडे बघून ते विझलं. कोणालाच तो वास ओळखू आला नव्हता! पुण्यामुंबईचा कोणी असता तर पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावून म्हणाला असता, हे काय आहे. आईच्या माहेरी पडवीत मोहाची कणगी भरलेली असायची, तिच्या पाळण्यावरसुद्धा तोच वास होता. बाबा जंगलातलेच. मी आजोळी मोहाचे लाडू खात वाढलेली. सोमीबाईचं तर सांगायलाच नको. आम्हाला ते घर वाटलं. आई त्या तंबूवर पाणी मारून मारून रोज मोह भिजवत होती आणि 'अहाहा' म्हणत होती.

"बंड्या जुंपा," बाबा गार्डाला म्हणाले.

आई पुढं झाली. "तंबू बदला. म्या निवडला, माहीच चूक झाली. तो लष्करी चालन. म्या त्यात वाकून लुगडं नेसन."

"तंबूचं नाई."

"मंग कायचं? कोनाले काई लागलं काय? खरचटलं बी नाई. पहा ना, पोट्टा पहा."

बाबा खाली बसले. माझ्यासमोर, मातीत. "इतके वर्सं झाले या जंगलात. वाघ पाह्यला, वनवा पाह्यला. मले कधी भेव नाई वाटलं. आज वरून तंबू पडलेला दिसला आन् माह्या पायाचं पानीच झालं. चालताच येईना. तुमी इथी असान, तर मले इथी काम करता येनार नाई. मी रोज असाच पळत येईन."

"मंग तुमी बी चला," आई म्हणाली.

बाबांनी झाडीकडे पाहिलं. "मले दुसरं येते काय?"

 मी वाट पाहिली. माझ्या आईला उत्तर सुचलं नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वाटेतल्या नदीपर्यंत ते आमच्यासोबत आले. बंडू त्यांच्या खांद्यावर होता, केस धरून. नदीच्या वाळूत त्यांनी त्याला उतरवून आईकडे दिलं आणि तो रडायला लागला. बापाकडे जाताना नाही, बापाकडून येताना. बंडी पाण्यातून पलीकडे जाईपर्यंत तो "बा, बा" करत होता. मी मागं वळून पाहिलं नाही. राग आला होता मला. खरं सांगू, अजून येतो. घाबरले म्हणून नाही, घाबरणारच, बाप होते. पण आईला एकदा संधी द्यायची होती. एक तंबू चुकला म्हणून काय झालं? दुसरा निवडला असता तिनं, तिसरा निवडला असता. ती कुठंही राहिली असती. मी तरी कुठंही राहिले असते.

आज सकाळी मी नातीला हाक मारली. म्हटलं, चल, दाखव तुझा तंबू. गुडघे कुरकुरले, पण रांगत आत गेले. नारिंगी उजेडात तिचं तोंड लालसर दिसत होतं. मी कापडाला नाक लावलं. कसलाच वास नव्हता, नवेपणाचा सोडून. मी तिला म्हटलं, छान आहे, हाच घ्या. ती मला बिलगली. तेवढ्यात सून बाहेरून म्हणाली, "आई, फोटो काढू?" काढ म्हटलं.

अस्वल आलं त्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबा घरी आले नाहीत. त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली, नद्या चढल्या, वाटा बंद झाल्या, आणि पाणी ओसरलं तोवर पुढचा मोसम लागला होता. ते घरी आले ते पुढच्या वर्षीच्या मृगाला. आई विहिरीवर गेली होती. मी आत तांदूळ निवडत होते. घरी बाप्या माणूस नसताना कोणी दारी आलं तर काय म्हणायचं, ते आईनं बंडूला शिकवून ठेवलं होतं, आणि तो आता चार वर्षांचा, चांगला शहाणा झाला होता. दार वाजलं. मी उठायच्या आत त्यानं धावत जाऊन उघडलं. दारात बाबा उभे होते, भिजलेले, वाळलेले, हातात पिशवी. बंडू रडला नाही, लपला नाही. त्यानं कोपऱ्यातला पाट ओढत आणून नीट मांडला, हात जोडले आणि म्हणाला, "बसा. बाबा घरी नाईत."

बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि ते पाटावर बसले.